मणक्यांची रात्रपाळी

पंचगंगेचा पूल ओलांडला की पुणे–बेंगळुरू महामार्गाला लागून शिरोली एमआयडीसी सुरू होते. भट्टी, मोल्डिंग, नॉक आऊट, फेटलिंग, मशीन शॉप. ओतीव लोखंडाचे नाना तऱ्हेचे जॉब इथल्या फाउंड्र्यांतून तयार होऊन देशभर जातात. या कामात यंत्रं कितीही आली तरी कुठे ना कुठे माणूस वाकतोच. साच्यात कोअर बसवताना वाकतो, ग्राइंडरखाली जॉब फिरवताना वाकतो, ट्रॉलीत माल रचताना वाकतो. मग चहाच्या गाड्यावर ठरलेली वाक्यं कानावर येतात. ‘कंबर धरलीय.’ ‘उसण भरली.’ ‘गादी सरकली म्हणाले.’ ‘मणक्यात गॅप आहे.’

कंबरदुखी म्हणजे काही एकट्या शिरोलीचं दुखणं नव्हे. 2020 साली जगभरात सुमारे 61 कोटी 90 लाख माणसांची कंबर दुखत होती, आणि माणसाला कामातून उठवणाऱ्या दुखण्यांमध्ये तिचा क्रमांक पहिला लागतो. इतकं घरोघरचं दुखणं, पण उपचार शोधताना माणूस किती दारं फिरतो! मलम, बेल्ट, इंजेक्शन, हाडवैद्य, एमआरआय, शेक, पुन्हा इंजेक्शन. पाठीविषयी जसजसं वाचत गेलो तसतसं एका गोष्टीचं नवल वाढतच गेलं. या दुखण्याचं मर्म फोटोत जितकं सापडतं त्याहून जास्त घड्याळात सापडतं. कधी दुखतं? उठल्यावर, की दिवस कलल्यावर, की मध्यरात्री? आडवं झाल्यावर बरं वाटतं, की हिंडल्याफिरल्यावर? आणि किती आठवडे झाले? एवढं नीट सांगितलं आणि समोरच्याने नीट ऐकलं, तर योग्य उपचाराची अर्धी वाट तिथेच सरते.

घड्याळ का, हे कळायला आधी गादी समजून घ्यायला हवी.

आपल्या कण्यात अशा 23 गाद्या आहेत, दोन मणक्यांमध्ये एक. बाहेरून चिवट धाग्यांची कडी, एकावर एक थर, आणि प्रत्येक थराचे धागे शेजारच्या थराच्या उलट दिशेला तिरके गेलेले. आत मऊसर गर. तरुणपणी या गराचा चार पंचमांश भाग नुसतं पाणी असतं. प्रोटिओग्लायकॅन नावाचे रेणू ते पाणी ओढून धरतात. आणि या गादीत रक्तवाहिन्या नाहीत! प्रौढ शरीरातली रक्तपुरवठा नसलेली सर्वांत मोठी रचना म्हणजे ही गादी. तिच्या मधोमध राहणारी एखादी पेशी जवळच्या रक्तवाहिनीपासून 8 मिलिमीटरपर्यंत लांब असू शकते. पेशीच्या मापाने तो परगावचा प्रवास झाला. मणक्याच्या पृष्ठभागातून अन्न आणि प्राणवायू थेंबाथेंबाने झिरपत तिच्यापर्यंत पोचतात, आणि तेवढ्यावर ती सत्तर-ऐंशी वर्षं तग धरते.

दिवसभर आपण उभे असतो, बसतो, ओझी उचलतो. त्या दाबाने गादीतलं पाणी हळूहळू बाहेर पडतं. रात्री आडवं झालो की दाब उतरतो आणि गादी पुन्हा पाणी ओढून घेते. म्हणून माणूस सकाळी उंच असतो आणि रात्री बुटका. फरक उंचीच्या साधारण एक टक्क्याचा, म्हणजे 170 सेंटिमीटरच्या माणसाला दीडपावणेदोन सेंटिमीटर. त्यातली निम्मी घट उठल्यानंतरच्या पहिल्या तासाभरात होऊन जाते. अंतराळवीरांच्या पाठीवर ओझंच नसतं, त्यांच्या गाद्या फुगतच जातात. ते काही सेंटिमीटर उंच होतात, आणि त्यातल्या बऱ्याच जणांची कंबर त्या पहिल्या दिवसांत दुखते. म्हणजे ओझं नसणंही पाठीला मानवत नाही. तिला ओझं आणि विसावा दोन्ही लागतात, आलटून पालटून.

हा दाब किती असतो, हे जिवंत माणसात मोजायचं धाडस स्वीडनच्या आल्फ नाखेमसन यांनी 1960च्या दशकात केलं. जर्मनीतल्या उल्म इथल्या हान्स-योआखिम विल्के यांच्या गटाने 1999 साली ते आणखी पुढे नेलं. निरोगी पाठीच्या, 45 वर्षांच्या एका स्वयंसेवकाच्या चौथ्या आणि पाचव्या कंबरमणक्यांमधल्या गादीत त्यांनी सूक्ष्म दाबमापक बसवला आणि जवळपास 24 तास त्याला घरीदारी वावरू दिलं. आडवं पडल्यावर दाब 1 बार. उभं राहिल्यावर 5 बार. बाक न घेता बसल्यावर साधारण तेवढाच. (बसल्याने उभ्यापेक्षा दाब खूप वाढतो, असं दाखवणारे जुने तक्ते अजून दवाखान्यांच्या भिंतींवर दिसतात. या मोजणीत तसं आढळलं नाही.) मग त्याने 20 किलोंचं ओझं पाठ गोल करून, जमिनीवरून उचललं. दाब 23 बार! मोटारीच्या टायरमध्ये हवा असते सव्वादोन बारच्या आसपास. त्याच्या दहापट दाब एका ओल्या, मऊ, रक्त नसलेल्या गादीने सोसला आणि तिला काही झालं नाही. तेच ओझं गुडघ्यात वाकून उचललं तर 17, आणि अंगाजवळ धरून उभं राहिलं तर 11. ओझं तेच, माणूस तोच. दाब निम्म्याहून कमी.

या प्रयोगातला मला सर्वांत आवडलेला आकडा झोपेतला आहे. रात्री झोपताना दाब 1 बार होता. सात तासांच्या झोपेत, माणूस काहीच करत नसताना, तो वाढत वाढत 2.4 बार झाला. गादी पाणी भरत होती.

तीन पाळ्यांच्या गावात इथे एक प्रश्न विचारायलाच हवा. रात्रपाळीचा माणूस दिवसा झोपतो, मग त्याच्या गादीचं काय? पाणी भरायला अंधार लागत नाही, आडवं व्हावं लागतं. दिवसा झोपला तरी भरतं. पण मँचेस्टर विद्यापीठातल्या संशोधकांनी दाखवून दिलं आहे की गादीतल्या पेशींना स्वतःचं चोवीस तासांचं घड्याळ आहे. कोणती दुरुस्ती कधी काढायची, हे त्यावर चालतं. उंदरांमध्ये हे घड्याळ बंद पाडलं तर गाद्या लवकर झिजल्या. आणि रोज येणारं-जाणारं ओझं हाच या घड्याळाला वेळ लावणारा एक इशारा आहे. दर आठवड्याला पाळी बदलली की झोपेबरोबर पाठीचंही गणित विस्कटत असणार, असं मला यावरून वाटतं. पाळ्या महिनाभर स्थिर ठेवता आल्या तर ठेवाव्यात.

आता सकाळ घेऊ. शिरोलीत कामाला येणारी पुष्कळ माणसं आसपासच्या गावांतली. एमआयडीसीत पाळी आणि घरी जनावरं. पहाटे उठून धार काढायची, शेण उचलायचं, वैरणीचा भारा टाकायचा, दूध डेअरीला घालायचं, आणि मोटारसायकलला किक मारून पहिली पाळी गाठायची. म्हणजे ज्या दोन तासांत गादी पाण्याने तट्ट भरलेली असते त्याच दोन तासांत हा माणूस सर्वांत जास्त वाकतो. मायकेल अॅडम्स, पॅट्रिशिया डोलन आणि विल्यम हटन यांनी 1987 साली हिशोब मांडला, की पहाटे वाकताना गादीवर येणारा ताण दिवसातल्या इतर वेळेपेक्षा 300 टक्क्यांनी वाढतो, आणि अस्थिबंधांवरचा 80 टक्क्यांनी. पुढे 1998 साली स्टोव्हर स्नूक यांनी जुनी कंबरदुखी असलेल्यांना एकच गोष्ट सांगितली : उठल्यावर पहिले दोन तास कमरेतून वाकायचं टाळा. ज्यांनी ती पाळली त्यांचे दुखण्याचे दिवस कमी झाले. औषध नाही, खर्च नाही. धार काढताना उंचसा पाट घेणं, भारा उचलण्याचं काम संध्याकाळी करून ठेवणं, शेण खराट्याने उभ्याने लोटणं, एवढं जरी जमलं तरी ते या दोन तासांसाठीचं औषधच.

इतकं करूनही उसण भरतेच. जॉब उचलताना कळ येते, कंबर जागच्या जागी धरते, माणूस तिरका होतो. आपल्याकडे यावर जुना उपाय आहे : पायाळू माणसाची लाथ. जन्मताना ज्याचे पाय आधी बाहेर आले, त्याने दुखऱ्या कमरेवर पाय लावला की उसण उतरते, असं कोल्हापूरपासून विदर्भापर्यंत मानतात. आणि खरोखर बरं वाटलेली माणसंही भेटतात. ती खोटं बोलत नाहीत. ताजी उसण आपली आपणच उतरते, बहुतेकांची काही आठवड्यांत. 2014 साली ऑस्ट्रेलियात 1,652 रुग्णांवर झालेल्या चाचणीत पॅरासिटामॉल घेणारे सरासरीने 17 दिवसांत बरे झाले, आणि औषध नसलेली नुसती गोळी घेणारे 16 दिवसांत. दुखणं शिगेला पोचलं की माणूस उपाय शोधतो, आणि शिगेनंतर उतारच असतो. त्या वेळी जो उपाय हाताशी आला तो पावला असं वाटतं, मग ती लाथ असो, मलम असो वा दोन हजारांचं इंजेक्शन. पायाळूचा पाय हलका असला तर त्याने नुकसान नाही. मात्र वय झालेल्या, हाडं ठिसूळ झालेल्या माणसाला कुणी जोराने झटका देऊ नये.

आणि झोपून राहू नये. ‘पंधरा दिवस फळीवर झोप’ हा सल्ला एकेकाळी सर्रास मिळे. 1995 साली हेलसिंकी महापालिकेच्या कर्मचाऱ्यांवर झालेल्या अभ्यासात कंबर धरलेल्या माणसांचे तीन गट केले. एकाला दोन दिवस अंथरुणात ठेवलं, दुसऱ्याला व्यायाम दिले, तिसऱ्याला सांगितलं की जमेल तेवढी रोजची कामं करत राहा. तिसरा गट सर्वांत लवकर सावरला. आतल्या पेशींचं अन्न किती दुरून झिरपत येतं ते आठवलं, की महिनाभर निपचित पडून राहण्यात पाठीचा फायदा कुठला, असं वाटतं.

तरी दुखणं राहिलं की पुढची पायरी एमआरआय. त्या अहवालाची भाषा वाचून धडधाकट माणूसही खचतो. डिस्क डिजनरेशन, बल्ज, प्रोट्रुजन. घरी येऊन सांगायला शब्द उरतो एकच : गॅप. म्हणून दोन अभ्यास प्रत्येक पाठदुखीवाल्याला ठाऊक असावेत. पहिला 2015चा. ज्यांची पाठ अजिबात दुखत नाही अशा 3,110 माणसांच्या तपासण्या एकत्र पाहिल्या, तेव्हा विशीतल्या 37 टक्क्यांच्या गाद्या झिजलेल्या आढळल्या आणि ऐंशीतल्या 96 टक्क्यांच्या. गादी फुगलेली असण्याचं प्रमाण विशीत 30 टक्के, ऐंशीत 84. हे सगळे न दुखणारे लोक! केस पिकतात तशा गाद्या झिजतात. दुसरा अभ्यास 2017चा. पाठ आणि पाय दुखणाऱ्या 63 वर्षांच्या एका बाईंची तीन आठवड्यांत दहा वेगवेगळ्या केंद्रांत एमआरआय तपासणी झाली. दहा अहवालांत मिळून 49 निरनिराळे दोष नोंदवले गेले, आणि दहाही अहवालांत समान असा एकही नव्हता.

यावरून एमआरआय निरुपयोगी आहे असं कुणी म्हणू नये. तो कधी हवा ते पुढे येईलच. पण फोटोत दिसलेला दोष आणि अंगात असलेलं दुखणं यांची गाठ घालायला रुग्णाची हकीकत आणि डॉक्टरांचा हात लागतो. फक्त फोटो पाहून शस्त्रक्रियेची तारीख मिळाली तर दुसऱ्या डॉक्टरांचं मत अवश्य घ्यावं.

गादी सरकून पायात कळ जात असेल, सायटिका असेल, तर त्यातही एक अचंबा आहे. सरकलेल्या गादीमुळे शीर दबते, हे बोस्टनच्या विल्यम मिक्स्टर आणि जोसेफ बार यांनी 1934 साली मांडलं, आणि पुढची कित्येक दशकं ती गादी कापून काढणं हाच उपाय मानला गेला. नंतर एमआरआय आला, त्याच रुग्णांचे काही महिन्यांनी पुन्हा फोटो निघाले, आणि गाद्या नाहीशा झालेल्या दिसू लागल्या. जन्मभर रक्तापासून लांब असलेला तो गर बाहेर पडला की शरीराच्या संरक्षक पेशी त्याला परका समजतात आणि खाऊन टाकतात. जितका मोठा तुकडा सुटा झालेला, तितका तो विरून जाण्याचा संभव जास्त. 2015 साली झालेल्या एका एकत्रित पाहणीत पूर्ण तुटून पडलेल्या तुकड्यांपैकी 96 टक्के आक्रसले होते, आणि नुसत्या फुगलेल्या गाद्यांपैकी 13 टक्केच. फोटोत जे सर्वांत भयंकर दिसतं ते निसर्ग सर्वांत आधी आवरायला घेतो. वेदना असह्य असेल, पायाची ताकद जात असेल, तर शस्त्रक्रियेने लवकर आराम पडतो आणि तेव्हा ती करावीच. बाकीच्यांना काही आठवडे वाट पाहायची मुभा शरीरानेच दिलेली आहे.

आता घड्याळाचा तो भाग, ज्यासाठी मी हा लेख लिहायला घेतला. रात्र.

साधी कंबरदुखी आडवं झाल्यावर निवते. जी कंबर रात्री जास्त दुखते तिची चौकशी वेगळी करायची. चाळिशीच्या आतला तरुण आहे, दुखणं हळूहळू वाढत आलंय, पहाटे तीन-चारला कळेने जाग येते, सकाळी अर्धा-पाऊण तास पाठ लाकडासारखी ताठ, आणि गंमत म्हणजे कामाला लागलं की सैल होते, बसलं की पुन्हा आखडते. हा अँकिलोझिंग स्पाँडिलायटिस असू शकतो. यात शरीराची प्रतिकारशक्ती कण्याच्या सांध्यांवर उलटलेली असते. त्यासाठी संधिवाततज्ज्ञ गाठावा. नेमकी औषधं आहेत, आणि ती वेळेत सुरू झाली तर कणा वाकायचा वाचतो. ‘फाउंड्रीत आहे, पाठ दुखणारच’ म्हणून असे तरुण वर्षानुवर्षं वेदनाशामक गोळ्यांवर राहतात, हे मला फार लागतं.

दुसरी शंका क्षयाची, आणि ती फाउंड्रीच्या गावात आधी यायला हवी. कारण वाळू. साचे सिलिकाच्या वाळूचे. नॉक आऊटला साचा फोडताना, फेटलिंगला चिकटलेली वाळू झाडताना तिची डोळ्यांना न दिसणारी बारीक धूळ उडते आणि फुप्फुसात खोल जाते. तिथे तिला गिळायला संरक्षक पेशी धावतात, पण सिलिकाचा कण पचत नाही, पेशीच मरते. हीच ती पेशी, जी क्षयाच्या जंतूला अडवते. म्हणून सिलिकोसिस झालेल्यांना क्षयाचा धोका कित्येक पटींनी वाढतो. आणि फुप्फुसातला जंतू रक्तावाटे कुठेही जाऊ शकतो. हाडांत जायचं तर त्याची आवडती जागा कणा. दोन मणके आणि मधली गादी पोखरत तो कित्येक आठवडे गुपचूप काम करतो. आधी फक्त कंबर किंवा पाठ दुखते. मग संध्याकाळी कणकण, रात्री घाम, वजन उतरणं. झोपेत पाठीचे स्नायू सैल पडले की पोखरलेले मणके हलतात आणि माणूस ओरडून जागा होतो. खोकला असेलच असं नाही. सुरुवातीचा एक्स-रेही स्वच्छ दिसू शकतो. इथे एमआरआयला पर्याय नाही. ज्या यंत्राने वर पिकलेल्या केसांसारखे दोष दाखवून घाबरवलं, तेच यंत्र इथे पाय लुळे पडण्यापासून वाचवतं.

कण्याच्या क्षयाचं वर्णन पर्सिव्हल पॉट यांनी 1779 साली केलं, म्हणून त्याला पॉटचा आजार म्हणतात. इजिप्तच्या ममींच्या कण्यांवरही त्याच्या खुणा आहेत. एवढ्या जुन्या शत्रूचा पराभव मात्र अलीकडचा, आणि त्यात आपल्याकडच्या एका डॉक्टरांचा वाटा आहे. पूर्वी रुग्णाला महिनोन् महिने प्लास्टरमध्ये झोपवत, नाहीतर सरसकट शस्त्रक्रिया करत. 1973 साली दक्षिण कोरियातल्या मासान इथल्या चाचणीचे निष्कर्ष आले, की हिंडूफिरू देऊन नुसती औषधं दिलेले रुग्णही अंथरुणाला खिळवलेल्यांइतकेच बरे होतात. आणि 1975 साली बनारस हिंदू विद्यापीठाच्या डॉ. एस. एम. तुली यांनी आपला मध्यम मार्ग मांडला : आधी सगळ्यांना औषधं, आणि शस्त्रक्रिया फक्त ज्यांना खरोखर गरज पडेल त्यांना. आज जगभर याच वाटेने जातात. औषधं साधारण वर्षभर घ्यावी लागतात, सरकारी यंत्रणेतून ती मोफत मिळतात, आणि नोव्हेंबर 2024 पासून निक्षय पोषण योजनेत महिन्याला 1,000 रुपये आहारासाठी मिळतात. कोल्हापुरात सीपीआर या सरकारी रुग्णालयात क्षयाची तपासणी होते. तिथे जाताना एक वाक्य विसरू नये : ‘मी फाउंड्रीत वाळूत काम करतो, इतकी वर्षं.’

आणखी एक घड्याळ आहे, तासांचं. पायांत दोन्हीकडे बधिरपणा, जांघेत आणि बसायच्या जागी संवेदना जाणं, लघवी अडणं किंवा नकळत होणं. हे झालं तर पाळी संपायची वाट पाहायची नाही. त्याच दिवशी, मिळेल त्या गाडीने मोठं रुग्णालय गाठायचं. सगळ्या शिरांचा झुबका दबलेला असतो, आणि तासांच्या उशिराने कायमचं नुकसान होतं. शिवाय भट्टीपाशी घाम गाळणाऱ्याची कूस कळा देत दुखत असेल तर तो मुतखडाही असू शकतो. तिथे पाठीला शेकत बसून उपयोग नाही.

हे सगळं नाही, आणि तीन महिने उलटूनही कंबर दुखतेच, अशी माणसं सर्वांत जास्त. त्यांना तपासणीत ‘काही नाही’ असं सांगितलं जातं आणि ती दुखावतात, कारण दुखणं तर असतंच. मेल्झॅक आणि वॉल या संशोधकांनी 1965 साली मांडलं की वेदना म्हणजे नुसता निरोप्या नव्हे; मज्जारज्जूत तिला कमी-जास्त करणारी व्यवस्था आहे. चोळल्याने, शेकल्याने बरं का वाटतं, ते यावरून कळतं. 1983 साली क्लिफर्ड वुल्फ यांनी पुढचं दाखवलं : सतत कळा येत राहिल्या की मज्जारज्जूतल्या पेशीच हळव्या होतात आणि साध्या स्पर्शालाही वेदना म्हणून पुढे पाठवतात. इजा भरून येते, आवाज वाढलेला राहतो. म्हणजे दुखणं खरंच आहे, त्याचा पत्ता बदललाय. झोप मोडणं, कर्ज, नोकरी जाईल ही भीती, यांनी हा आवाज आणखी चढतो. बोइंग विमान कारखान्यातल्या 3,020 कामगारांचा अभ्यास 1991 साली प्रसिद्ध झाला, त्यात कामात मन न लागणं हे पाठीच्या तक्रारीचं एक ठळक पूर्वचिन्ह निघालं. हा निष्कर्ष कामचुकारपणाचा पुरावा म्हणून कुणी वापरला तर तो कामगारावर अन्याय होईल. ज्या माणसाला कामात मान नाही, आपल्या वेगावर हुकमत नाही, त्याची पाठ जास्त दुखते, असा त्याचा अर्थ मी घेतो.

अशा जुन्या दुखण्यासाठी जागतिक आरोग्य संघटनेने डिसेंबर 2023 मध्ये मार्गदर्शिका काढली. दुखणं समजावून सांगणं, व्यायाम, मानसोपचाराची जोड, मसाज आणि गरजेपुरत्या गोळ्या, हे त्यात आहे. कंबरपट्टा, वजन लावून ताणणं, अल्ट्रासाउंडचा शेक, विजेच्या बारीक झटक्यांचं यंत्र आणि अफूवर्गातली औषधं नेहमीच्या वापरासाठी नकोत, असंही त्यात स्पष्ट आहे. पैसे ज्यावर जास्त जातात तीच यादी! आणि 2024 साली सिडनीतून आलेल्या चाचणीने चालण्याला न्याय दिला. कंबरदुखीतून नुकत्याच उठलेल्या 701 माणसांपैकी अर्ध्यांना फिजिओथेरपिस्टच्या सल्ल्याने हळूहळू वाढवत आठवड्यातून पाच वेळा अर्धा तास चालायला लावलं. न चालणाऱ्यांची कंबर सरासरी 112 दिवसांत पुन्हा धरली. चालणाऱ्यांची 208 दिवसांनी.

‘दिवसभर शॉपमध्ये चालतोच की,’ असं कामगार म्हणतात. खरं आहे, पण ते चालणं वेगळं. कोल्हापुरात तालमीतला पैलवान जोर-बैठका मारतो, जोडीदाराला खांद्यावर घेतो, त्याची पाठ बळावते. तितकीच मेहनत फाउंड्रीत करणाऱ्याची पाठ थकते. पैलवान मेहनत हळूहळू चढवतो, मधे दम खातो, अंग रगडून घेतो, खुराक घेतो, दुपारी झोपतो. कामगाराचं वजन आणि वेग लाइन ठरवते, आणि विसाव्याची वेळ दुसरा कुणी ठरवतो. पाठीला बळ ओझ्यानंतरच्या विसाव्यात येतं.

म्हणून उपचाराचा शेवटचा भाग कारखान्यात होतो. ईएसआय विमा असलेल्या कामगाराला आजारपणात वर्षाला 91 दिवसांपर्यंत पगाराच्या 70 टक्के रक्कम मिळते, क्षयासारख्या आजारात जास्त काळ आणि जास्त दराने. ती घ्यावी, हक्काची आहे. कामावर परत जाताना डॉक्टर चिठ्ठीत लिहितात : ‘जड वजन उचलू नये.’ ठेकेदार विचारतो, जड म्हणजे किती? प्रश्न रास्त आहे, आणि त्याला आकड्यांत उत्तर आहे. 1967 साली आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेने एका पुरुषाने वाहायच्या ओझ्याची मर्यादा 55 किलो सुचवली होती. अमेरिकेतल्या व्यावसायिक सुरक्षा संस्थेचं 1990च्या दशकातलं सूत्र 23 किलोंपासून सुरू होतं, तेही सगळं मनासारखं असताना : जॉब अंगाला लागून, उंची कमरेच्या आसपास, पकड चांगली, उचलणं क्वचित. मग सूत्र एकेक गोष्ट वजा करत जातं. जॉब अंगापासून 50 सेंटिमीटर लांब असेल तर मर्यादा साडेअकरा किलोंवर येते. तो जमिनीवर असेल तर 9 किलोंच्या आत. उचलताना कंबर 45 अंशांत वळवावी लागत असेल तर साडेसात. जमिनीवरून कमरेपर्यंत आणायचा असेल तर पावणेसात. आणि हेच मिनिटाला चार वेळा, आठ तास करायचं असेल तर 3 किलो.

आता जॉब जमिनीऐवजी 75 सेंटिमीटर उंचीच्या टेबलावर ठेवला, टेबल अंगासमोर आणलं म्हणजे वळायला नको, आणि जॉब जवळ ओढता येईल अशी कड ठेवली. वेग तोच, तास तेच, माणूस तोच. मर्यादा 3 किलोंवरून 10 किलोंच्या वर जाते. असं टेबल अँगल आणि पत्रा घेऊन शिरोलीतला कोणताही वेल्डर एका दिवसात उभं करून देईल.